खिडकीपाशी बसलेली

४ फेब्रुवारी

घर नवं, वही नवी, म्हणून पुन्हा लिहायला बसलो. शाळेत मी गेलो तो शाळेचा बोर्ड रंगवायला. अक्षरं आधी रंगवायला शिकलो, वाचायला मागाहून. तेव्हा शुद्धलेखन जमेल तसं.

चिरंजीवांना शीतगोदामात सुपरवायझरची नोकरी लागली आणि नोकरीबरोबर हे घर. दुसरा मजला, दोन खोल्या, खाली गोदामाचं आवार. पुढच्या खोलीची खिडकी एवढी मोठी की मी तिच्यापुढे पहिल्या दिवशी नुसताच उभा राहिलो. आयुष्य दुकानांच्या बाहेर शिडीवर काढलेल्या माणसाला घरात एवढा उजेड म्हणजे चैन.

भिंती मीच रंगवल्या. दुकानातला पांढरा आजारी दिसतो. मी त्यात जरासा निळा घालतो, मग तो धुतलेल्या चादरीसारखा हसतो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता घरात काळा चष्मा लावून फिरायचं का?" मी म्हटलं, "लावा. सासऱ्याकडून घेतलेला पडून आहेच."

सूनबाईला चौथा महिना लागलाय. शर्टांना काजं करून बटणं लावायचं काम ती घरी आणते, त्याला उजेड लागतो. खिडकीच्या कोपऱ्यात मी तिच्यासाठी जुन्या शटरच्या फळीचं बाकडं केलं. समोर खिडकी, डाव्या अंगाला भिंत. दमली की खांदा भिंतीला टेकायचा. घरातली सगळ्यात चांगली जागा पोटुशीला. पोटातल्याला मोकळी हवा मिळू दे.

९ फेब्रुवारी

सूनबाई सकाळी म्हणाली, "बाबा, वास येतो हो."

"कसला गं?"

"गाड्यांचा. धुराचा."

मी खिडकीतून भरभरून श्वास घेतला. मला काही आला नाही. मला कसा येणार? थिनरनं माझं नाक केव्हाच खाल्लं. गुलाब आणि घासलेट मला सारखंच. चिरंजीव जेवता जेवता म्हणाले, "बाबांच्या नाकाला पेन्शन चालू झालीय, त्याला कामाला लावू नकोस."

पोटुशी बाईला नाही नाही ते वास येतात. आमच्या हिला भिंतीचा वास यायचा. सूनबाईनं खिडकी लोटली होती, ती मी उघडली. खोली कोंदली की जीव घुसमटतो. ती पुन्हा काही बोलली नाही. समजूतदार पोर आहे.

२ मार्च

खाली उभ्या असतात त्या थंड मालाच्या गाड्यांची मजा कळली. त्या चालतात तेव्हा इंजिन चालू आणि उभ्या असतात तेव्हाही चालू. आतली थंडी टिकायची तर इंजिन बंद करून भागत नाही, नाहीतर माल सडतो. दिवसभर एकच सूर, घूंऽऽ. मोठं मांजर घराखाली झोपल्यासारखं. तांब्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वलयं उठतात. आता आवाज ऐकूही येत नाही. थांबला तरच कळतं.

आज दुपारी सगळ्या गाड्या एकदम थांबल्या. का, देव जाणे. अशी शांतता पडली की मी ब्रश खाली ठेवला. सूनबाईचा हात पोटावर गेला.

"थांबलं," ती म्हणाली.

"काय?"

"बाळ. गाड्या थांबल्या की तेही थांबतं."

मग एक इंजिन खाकरलं, दुसरं लागलं, आणि ती हसली. मीही हसलो. पण मधल्या त्या शांततेत मी तांब्याकडे पाहिलं होतं. गाड्या बंद होत्या आणि पाण्यावर वलयं उठतच होती. पुन्हा पाहिलं तर पाणी स्थिर. मोतीबिंदू पिकतोय, दुसरं काय.

१९ एप्रिल

छतातून काळे दोरे लोंबायला लागलेत. कोळी एकही नाही, जाळी मात्र कुणाचे तरी केस गळून अडकावेत तशी. बाकड्याच्या वरच जास्त. वारा नसताना हलतात. सूनबाई बटण लावत होती, मी बराच वेळ बघत बसलो. दोरे किंचित तिच्याकडे जात आणि किंचित मागे येत. जात आणि येत. मग लक्षात आलं की तिच्या श्वासाची लयही तीच. उठून झाडूनं सगळे काढले.

बोटाला लागलं ते तेलकट काळं. काय काळं! आम्ही दिव्यावर पत्रा धरून काजळी जमवायचो तिच्यापेक्षा सरस. खिडकीच्या कठड्यावर तर रोज सकाळी आयती पसरलेली असते. पुसलं की उद्या पुन्हा. आता पुसून टाकत नाही, डबीत भरून ठेवतो. फुकटचा रंग कोण सोडतो?

७ जून

शर्टवाल्यानं सूनबाईला पांढरे शर्ट द्यायचं बंद केलं. म्हणतो, परत येतात तेव्हा करडे होऊन येतात. आता फक्त गडद रंगाचे. सूनबाईनं साबणानं हात धुऊन धुऊन कातडी सोलवटून घेतली होती बिचारीनं. मी म्हटलं, "हाताचा दोष नाही गं. सूतच हलकं असेल."

ती म्हणाली, "बाबा, मी थोडे दिवस मागच्या खोलीत बसू का?"

मागची खोली म्हणजे अंधारी. मी म्हटलं, "तिथं डोळे फोडून घेशील. मी एवढं बाकडं कुणासाठी केलं?" चेहरा पडलेला दिसला असावा माझा, कारण लगेच म्हणाली, "नाही हो, सहज म्हटलं." आणि जाऊन बसली आपल्या जागी.

२८ जुलै

पाळणा तयार. चारी बाजूंनी पक्षी काढले, चोची पिवळ्या, पंख निळे. डोळ्यांना डबीतला काळा वापरला, जवसाच्या तेलात खलून. असे जिवंत डोळे आले की सूनबाई दचकली. "सगळे आतच बघतायत," म्हणाली. मी म्हटलं, "राखण करतायत."

१६ ऑगस्ट

मुलगी! पोटात सारखी फिरायची म्हणून नाव ठेवेपर्यंत भिंगरी. कातडी अशी की दुधावरची साय बोटाला लागावी.

दवाखान्यात मात्र झोपेना. नर्सबाई हैराण. मग सूनबाईनं तिला छातीशी धरलं आणि गळ्यातून आवाज काढला. अंगाई नव्हे. घूंऽऽ. तोच सूर, खालच्या गाड्यांचा, तंतोतंत. पोर चटकन झोपली. नर्सबाई हसली. मी मात्र खिडकीतून वाकून पाहिलं, खाली एखादी गाडी उभी आहे का.

३ सप्टेंबर

आज एक विलक्षण गोष्ट झाली. नीट लिहितो.

पाळण्याला जागा करायला बाकडं कोपऱ्यातून ओढलं आणि मागे सरकून बघतो तर भिंतीवर बाई बसलेली.

रंगवलेली नाही, ओरखडलेली नाही. सगळी भिंत करडी झालीय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज बघणाऱ्याला दिसत नाही. आणि त्या करड्यात एक पांढरी बाई. मी लावला होता तोच पांढरा, धुतलेल्या चादरीचा. डोकं जरा कलतं, खांदा, वाकलेली पाठ, पुढे आलेलं पोट. तोंड खिडकीकडे.

चिरंजीवांना हाक मारली. म्हटलं माझे डोळे फसवत असतील. ते आले, बघत राहिले. नेहमी जिभेवर थट्टा असणारा माणूस, पण म्हणाले एवढंच, "ही तर..." आणि बायकोकडे वळून बघितलं, ती आहे ना जागेवर, अशासारखं.

सूनबाई भिंतीजवळ गेली. हात पुढे केला, पण लावला नाही.

"बाबा, रंगवून टाका ना."

मला काही ते रंगवावंसं वाटेना. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ बायका काढल्या, साबणाच्या, तेलाच्या, शिवणयंत्राच्या जाहिरातीतल्या. एकही इतकी खरी उतरली नाही. मी म्हटलं, "राहू दे. भिंगरीला दुसरी आई. राखण करील."

पाळणा तिच्याच पायाशी ठेवला.

५ नोव्हेंबर

भिंगरीच्या गालांवर लाल चट्टे आलेत. कोपराच्या वळीत, गुडघ्यामागे कातडी खरखरीत, वाळलेल्या रंगाच्या पापुद्र्यासारखी. रात्रंदिवस ओरबाडते. एवढीशी नखं, पण रक्त काढते. सूनबाईनं मोज्यांच्या पिशव्या करून हातांना बांधल्या. मग गाल चादरीवर घासते.

समोरच्या मावशी डोकावून गेल्या. सूनबाईला म्हणाल्या, "पोटात असताना तू काहीतरी आंबटचिंबट खाल्लंयस. खरं सांग."

"नाही हो मावशी."

"मग गरम खाल्लंस. काहीतरी खाल्ल्याशिवाय का पोर अशी निपजते?"

मी मध्ये बोलायला हवं होतं. बोललो नाही. खरं लिहायचं तर माझ्याही मनात आलं होतं, ही चिंचा चोखायची ते.

२१ डिसेंबर

गोदामाला सुट्टी. सगळ्या गाड्या बंद. घरात सुई पडली तरी ऐकू यावं. आणि भिंगरीनं जो टाहो फोडला! ओरबाडणं थांबेना. सूनबाईनं घशातून तो सूर लावला. दमली की चिरंजीव लावायचे. शेवटी मीही लावला. तिघं मोठी माणसं पाळण्याभोवती उभी राहून घूं घूं करतोय आणि पोर डोळे मिटून ऐकतेय. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं!

डोकं वर केलं तर समोर ती पांढरी. मला उगीच वाटलं की हिचं पोट आधीपेक्षा मोठं झालंय. भोवतालचा करडा गडद झाला की पांढरं मोठं दिसतं, हे मला कळतं. धंदाच तो माझा. तरी त्या बाजूला पाठ करून बसलो नाही.

१८ जानेवारी

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. मीही गेलो, भिंगरी माझ्या मांडीवर बरी राहते. बाईंनी शांतपणे सगळं तपासलं. म्हणाल्या, इसब आहे. अंग कोरडं पडू द्यायचं नाही, अंघोळ झाली की ओलसर अंगालाच मलम चोळायचं, नखं कापलेली ठेवायची. मग विचारलं, घराण्यात कुणाला दमा, असं काही? नाही म्हटलं.

सूनबाईनं हळूच विचारलं, "मी काही खाल्लं म्हणून झालं का?"

"छे. ते मनातून काढून टाका. एका कशावर बोट ठेवता येत नाही यात. बऱ्याच गोष्टी मिळून होतं. पण गरोदरपणात आईच्या श्वासात धूर, धुरळा फार गेला तर बाळाला हे व्हायची शक्यता वाढते, असं दिसतंय. घरात कुणी सिगरेट ओढतं का?"

मी छाती काढून सांगितलं, "मुळीच नाही. उलट मी हिला दिवसभर खिडकीत बसवायचो. नव्या घरात आलो तेव्हापासून शेवटपर्यंत मोकळ्या हवेत."

बाईंचं पेन थांबलं. "कशावर उघडते खिडकी?"

"गोदामावर. दिवसभर गाड्यांची वर्दळ. करमणूक होते माणसाची."

बाईंनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई मांडीवरच्या पदराची शिवण उसवत होती. "बाबांनी खास बाकडं करून दिलं होतं मला," ती म्हणाली.

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. मला वाटलं, माझं कौतुक करतील.

त्याच दिवशी, नंतर

घरी आल्या आल्या सूनबाईनं पाळणा उचलून मागच्या खोलीत नेला. मला न विचारता. खिडकीची दोन्ही दारं लावून खिटी सरकवली. मी उघडायला गेलो तर म्हणाली, "बाबा, नको." एवढंच. मला वाईट वाटलं. आता या घरात माझ्या हवेलाही बंदी.

११ फेब्रुवारी

माझ्या लेकीचा फोन. चौथा महिना चालू आहे! जावईबापू बोटीवर, सहा महिने येणार नाहीत, म्हणून बाळंत होईपर्यंत इकडे राहायला येतेय. मी आनंदानं चिरंजीवांना म्हटलं, "बाकडं पुन्हा कोपऱ्यात ओढू. भिंत नवी करतो. ताईला खिडकीत बसवू."

ताट वाढणारी सूनबाई जागीच थांबली.

"नाही," ती म्हणाली. "ताई तिथं बसणार नाहीत."

लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. माझ्या मनात काय आलं ते लिहूनच टाकतो: नणंदेला चांगली जागा मिळते म्हणून हिला खुपतंय. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपण नंतर बोलू." मी म्हटलं, "नंतर कशाला? बाकडं मी केलंय. कोण बसणार ते मी ठरवतो."

ती ताट ठेवून आत गेली. थोड्या वेळानं आतून तो सूर ऐकू आला. घूंऽऽ.

१३ फेब्रुवारी

दोघं भिंगरीला दाखवायला गेली होती. मी भिंत धुवायला घेतली. भिंत धुतल्याशिवाय रंग लावायचा नाही, नाहीतर पोपडे सुटतात. बादलीत सोडा, हातात फडकं. मनात अजून रुसवा होता, म्हणून जोरजोरात.

पहिल्याच हाताला फडकं काळं झालं. नुसतं मळकं नाही, काळंकुट्ट. पिळलं तर बादलीतलं पाणी शाईसारखं. हा काळा मी ओळखला. डबीतला. पक्ष्यांच्या डोळ्यांतला.

नवं फडकं घेतलं आणि त्या पांढऱ्या बाईवरून फिरवलं. डोक्यावरून, खांद्यावरून, पोटावरून.

फडकं पांढरंच राहिलं.

पुन्हा भिजवलं, पुन्हा फिरवलं. काही नाही. खाली वाकलो तर तिच्या पायाशी, जिथं पाळणा होता तिथं, दुसरी एक पांढरी जागा. छोटी. कडेला गजांच्या रेघा आणि मध्ये एक वाटोळी, उशीएवढी. पाळणा हलवल्यापासून ती तिथं होती. मी पाहिली नव्हती. तिथंही फडकं फिरवलं. पांढरंच.

बाकडं कोपऱ्यात ओढून मी त्यावर बसलो, खिडकीकडे तोंड करून, खांदा भिंतीला. ती बसायची तसा. खाली गाड्या घुमत होत्या. सगळ्या भिंतीवर आलं, छतावर आलं, शर्टांवर आलं, कठड्यावर रोज सकाळी आलं. फक्त इथं, या बाईएवढ्या जागेत आणि त्या पाळण्याएवढ्या जागेत आलं नाही. कारण मध्ये त्या दोघी होत्या.

मग इथल्या भिंतीपर्यंत जे पोचलं नाही, ते गेलं कुठं?

पाठीमागे दार वाजलं. सूनबाई पोरीला घेऊन उभी होती. तिनं बादली पाहिली, दोन फडकी पाहिली, एक काळं, एक पांढरं. ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं, एका गोष्टीवर बोट नाही ठेवता येत, बाबा."

"वास यायचा तुला. सुरुवातीलाच म्हणाली होतीस."

"हो."

"मग भांडली का नाहीस?"

तिनं भिंगरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुम्ही ते बाकडं किती प्रेमानं घासत होता," म्हणाली.

१४ फेब्रुवारी

बाकडं फोडलं. फळ्यांची मागच्या खोलीत मांडणी केली, मलमाच्या डब्या ठेवायला. पाळण्यावरच्या पक्ष्यांचे डोळे खरवडून काढले, आता ते आंधळे आहेत.

समोरच्या मावशी आल्या होत्या. "सापडलं का, सूनबाईनं काय खाल्लं होतं ते?" मी म्हटलं, "सापडलं. मी जे वाढलं ते." त्यांना कळलं नाही. नाही कळलं तरी चालेल, पण त्या पोरीला पुन्हा काही विचारायचं नाही, एवढं त्यांना कळलं.

चिरंजीव गोदामाच्या साहेबांना वर घेऊन आले. मी अर्धी भिंत न धुता ठेवली होती, त्या दोघी दिसाव्यात म्हणून. साहेब रुमालानं नाक झाकून उभे राहिले. "गाड्या बंद तर करता येत नाहीत," म्हणाले. मग म्हणाले, "मागच्या फाटकाला लावून बघू." बघू या.

ते गेल्यावर उरलेली भिंत धुतली. आणि एक भलतंच झालं. भोवतालचं काळं निघालं तसतशी ती पांढरी दिसेनाशी झाली. आधी पाठ, मग खांदा, शेवटी पोट. मग पाळणाही. सगळी भिंत एकसारखी पांढरी, जणू तिथं कधी कुणी बसलंच नव्हतं. काळं पाणी मोरीत ओतून दिलं. भिंतीचं पाणी ओतून देता येतं.

२२ फेब्रुवारी

निम्म्या गाड्या मागच्या फाटकाला गेल्या. निम्म्या इथंच आहेत. भिंगरीचे गाल जरा निवळलेत, कोपराची वळी अजून लाल. रोज अंघोळीनंतर मलम मी चोळतो. माझी बोटं खरखरीत, पण तिला ती आवडतात. हसते.

लेक सकाळी आली. बॅग दारात टाकली आणि तडक खिडकीपाशी. "बाबा, काय सुरेख उजेड आहे हो इथं!" एक हात पोटावर ठेवून तिनं दुसऱ्या हातानं खिटी सरकवली. खालून घूंऽऽ वर आलं. ती कोपऱ्याकडे सरकली, खांदा भिंतीला टेकला. माझ्या धुतलेल्या भिंतीला.

मी धावलो. या वयात धावलो. तिला धरून मागे ओढलं. ती हसायला लागली, "अहो, पडेन ना!" मी तिथं उभा राहून माझ्या या मेलेल्या नाकानं हवा ओढून ओढून बघितली. काही नाही. आजही काही नाही. स्वच्छ, मोकळी हवा.

"सूनबाई," मी हाक मारली, "जरा इकडे ये गं. मला सांग, वास येतोय का?"

ती आली. खिडकीत उभी राहिली, भिंतीवरच्या त्या बाईसारखी, डोकं जरा कलतं.

"येतो, बाबा."

मी खिडकी लावली.